सोळा आणे आणि पाच चौकटी

जुन्या काळी शेतकऱ्याला ‘यंदा पीक कसं काय?’ असं कुणी विचारलं, तर तो नुसतं ‘चांगलं’ किंवा ‘वाईट’ म्हणून थांबत नसे. ‘ज्वारी दहा आणे आहे, पण हरभरा काही चार आण्यांच्या वर जात नाही,’ असं सांगे. पुरं पीक म्हणजे रुपया आणि त्या रुपयाचे सोळा आणे. शेतावर नजर टाकायची, मागची वर्षं आठवायची, मनाशी तोलायचं, आणि सोळांपैकी एका आकड्यावर बोट ठेवायचं. हीच आणेवारी. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, पुढे आणे व्यवहारातून गेले, आणेवारीची पैसेवारी झाली. रीत मात्र तीच राहिली. ‘सोळा आणे खरं’ हा शब्दप्रयोगही आपल्या तोंडात राहिला.

आणेवारीची आठवण काढली ती वेगळ्याच कारणानं. हल्ली कुणी ना कुणी कागद घेऊन दारात येतो आणि विचारतो, ‘पाणीपुरवठ्याबाबत आपण समाधानी आहात का? पूर्ण समाधानी, समाधानी, सांगता येत नाही, असमाधानी, पूर्ण असमाधानी. कुठे खूण करू?’ हा प्रश्नही आणेवारीच्याच घराण्यातला. मनातली गोष्ट मोजायची म्हणून कुणीतरी पायऱ्या आखून ठेवल्या आहेत आणि त्यांतल्या एका पायरीवर आपल्याला उभं राहायचं आहे. ह्या पायऱ्या कुणी आखल्या, कशा आखल्या, आणि त्या चढताना उत्तर देणाऱ्याच्या मनाला किती दम लागतो, ह्याचा इतिहास आज सांगायचा आहे.

पायऱ्या कशा आखाव्यात हा प्रश्न पंडितांच्या चर्चेपुरताच आहे असं कुणाला वाटलं, तर त्यानं गुजरातेतला खेडा जिल्हा आठवावा. १९१७ साली तिथे अतिवृष्टीने पिके बुडाली. मुंबई इलाख्याच्या सारावसुलीच्या नियमाप्रमाणे पीक चार आण्यांच्या आत असेल तर वर्षाचा सगळा सारा तहकूब व्हायचा, आणि सहा आण्यांच्या आत असेल तर निम्मा. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांच्या आत आहे. सरकारी कागद म्हणत, वर आहे. शेत तेच, पाऊस तोच. पण चार आणे म्हणजे नेमके किती, हे दोघांनी दोन मापांनी मोजले होते. २२ मार्च १९१८ रोजी नडियादला गांधीजींच्या सांगण्यावरून शेतकऱ्यांनी सारा न भरण्याची शपथ घेतली. गुरे जप्त झाली, घरातली भांडी उचलली गेली. ऐपत असलेल्यांनी सारा भरावा, गरिबांना तहकुबी मिळावी, अशी तडजोड होऊन जूनमध्ये लढा थांबला. एका पायरीच्या अलीकडे की पलीकडे, एवढ्यावर माणसाच्या गोठ्यातली म्हैस अवलंबून असते, हे ध्यानात ठेवूनच पुढे जाऊ.

मी स्वतः इतिहास शिकवतो. सर्वेक्षण हा माझा विषय नव्हे. पण महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम गळ्यात पडलं, आणि एका वर्षी शिबिराच्या गावात पाहणी करायची ठरली. मी मोठ्या हौसेनं प्रश्नावली तयार केली. चाळीस विधानं, प्रत्येकापुढे पाच चौकटी. ‘गावातील शाळेचे काम समाधानकारक आहे’, ‘ग्रामपंचायत लोकांचे म्हणणे ऐकते’, अशा थाटाची. सायंकाळी मुलं कागद घेऊन परत आली. एका म्हाताऱ्या आजींचा कागद पाहिला, तर चाळीसच्या चाळीस खुणा एकाच रांगेत, ‘सहमत’च्या चौकटीत, गहू पेरावेत तशा! दोन विधानं मी मुद्दाम एकमेकांच्या उलट घातली होती. आजी दोन्हींना सहमत. मी त्या विद्यार्थ्यावर चिडलो. तो म्हणाला, ‘सर, मी सगळं वाचून दाखवलं. दहा-बारा झाल्यावर आजी म्हणाल्या, बाळा, तुला काय बरं वाटतंय ते लिव्ह, माझी भाकर करपतीया.’

त्या रात्री मी मनाशी निकाल देऊन टाकला, की लोक अडाणी आहेत, त्यांना प्रश्नाचं गांभीर्य कळत नाही. तो निकाल चुकीचा होता. हे मला बऱ्याच दिवसांनी, ह्या विषयाचा इतिहास वाचताना उमगलं. आणि गंमत अशी की, माझ्यासारखी चूक माझ्याहून फार थोर माणसांनी फार पूर्वी करून ठेवली होती.

आधी हे पाहू, की साध्या प्रश्नाचं उत्तर देताना मन काय काय करतं. १९८४ मध्ये रॉजर टुरँजो ह्या अमेरिकन अभ्यासकाने ह्या कामाचे चार भाग मांडले. पहिला, प्रश्न समजून घेणे. दुसरा, त्यासंबंधी आठवणी गोळा करणे. तिसरा, त्या आठवणी तोलून एक मत बनवणे. चौथा, ते मत समोरच्या माणसाने आखून दिलेल्या चौकटीत बसवणे. ‘सोसायटीचा कारभार कसा आहे?’ असं विचारा. शेतकऱ्याला मागच्या खरिपात खत उशिरा आलं ते आठवतं, सचिव गोड बोलतो ते आठवतं, कर्जाच्या वेळी चार हेलपाटे पडले ते आठवतं. ह्या सगळ्याची गोळाबेरीज करून त्याचं एक मत होतं. इथपर्यंतचं श्रम सोसायटीविषयी विचार करण्याचं आहे, आणि ते त्यानं आपल्या पारावर आपण होऊनही केलं असतं. पण ‘समाधानी’ आणि ‘काहीसा समाधानी’ ह्यांत अंतर किती, ह्याचा विचार त्याला आपल्या कागदासाठी करावा लागतो. हे चौथं श्रम कागद आखणाऱ्यानं त्याच्यावर लादलेलं असतं. आपल्या सगळ्या कथेचं सूत्र हे चौथं श्रम आहे.

पायऱ्या आखण्याची कल्पना काही मतांच्या मोजणीतून निघाली नाही. टॉलेमीच्या ग्रंथात आकाशातल्या ताऱ्यांच्या तेजाचे सहा वर्ग आहेत. डोळ्याला दिसतील तसे. पण मला स्वतःला आवडते ती फ्रान्सिस ब्यूफर्ट ह्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची वाऱ्याची पट्टी. १८०५-०६ च्या सुमारास त्याने ती आपल्या रोजनिशीसाठी आखली आणि १८३८ मध्ये ब्रिटिश आरमाराने ती स्वीकारली. एक खलाशी म्हणे ‘जोराचा वारा’, दुसरा त्यालाच म्हणे ‘मध्यम’. ब्यूफर्टच्या पट्टीत वाऱ्याला शून्यापासून बारापर्यंत आकडे आले, पण नुसते आकडे नव्हेत. अमुक वाऱ्यात जहाज किती शिडे उभारू शकते, ह्यावरून आकडा ठरू लागला. पुढे १९०६ मध्ये जमिनीवरच्या माणसासाठी तिचे वर्णन तयार झाले. धूर सरळ वर जातो, तेव्हा शून्य. तोंडावर वारा जाणवतो आणि पाने सळसळतात, तेव्हा दोन. मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री धरणे जड जाते, तेव्हा सहा. पाहा, इथे निरीक्षकाला ‘जोराचा म्हणजे किती जोराचा’ हे कोडे सोडवावेच लागत नाही. छत्री धरवते का, एवढेच पाहायचे. चौथे श्रम पट्टी आखणाऱ्याने स्वतः आधी करून ठेवले. आपली आणेवारी दुबळी पडली ती इथेच. सोळा आणे म्हणजे कशाचे सोळा आणे, ते ज्याच्या त्याच्या मनावर.

(जाता जाता एक गोष्ट. पिकाच्या बाबतीत हे कोडे सोडवण्यात मोठा वाटा एका मराठी माणसाचा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनी १९४० नंतरच्या दशकात यदृच्छेने शेत निवडून, त्यातला ठराविक तुकडा प्रत्यक्ष कापून, मळून, वजन करण्याची पद्धत आपल्या सहकाऱ्यांसह देशभर रुजवली. अंदाजाच्या जागी तराजू आला. पण माणसाचे मत काही कापून मळता येत नाही. तिथे पायऱ्यांवाचून गत्यंतर नाही.)

माणसाच्या मतासाठी पायऱ्या आखण्याचे काम अमेरिकेत १९२० नंतर जोरात सुरू झाले. त्याला कारणही होते. निरनिराळ्या देशांतून आलेले लोक तिथे एकाच शहरात राहत होते आणि एकमेकांकडे संशयाने पाहत होते. इमोरी बोगार्डस ह्या समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये एक पट्टी मांडली. त्याने ‘तुम्हाला अमुक लोक आवडतात का?’ असे विचारले नाही. अमक्या लोकांशी सोयरीक कराल का? मित्र म्हणून आपल्या मंडळात घ्याल का? शेजारी म्हणून चालतील का? तुमच्या धंद्यात कामाला? देशाचे नागरिक म्हणून? नुसते पाहुणे म्हणून? की देशातच नकोत? अशा सात पायऱ्या. आपल्याकडे पंक्तीला कोण, ओसरीपर्यंत कोण आणि अंगणातूनच परत कोण, हे पाहत आलेल्या माणसाला ह्या पट्टीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. तिथेही ब्यूफर्टसारखेच होते. प्रत्येक पायरी म्हणजे डोळ्यांसमोर येणारा एक प्रसंग.

ह्यानंतर आले शिकागोचे लुई थर्स्टन. मूळचे अभियंते, त्यामुळे मोजमापाचा आग्रह पक्का. मते मोजता येतात, असा निबंधच त्यांनी १९२८ मध्ये लिहिला. पुढच्या वर्षी त्यांनी व चेव्ह ह्यांनी चर्चविषयीची मते मोजण्याची पट्टी प्रसिद्ध केली. तिच्यासाठी केलेली मेहनत ऐकण्यासारखी आहे. १३० विधाने कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिली. ती सुमारे तीनशे माणसांना देऊन सांगितले, की ह्यांचे अकरा ढीग करा. एका टोकाला चर्चच्या अत्यंत बाजूची, दुसऱ्या टोकाला अत्यंत विरोधी, मध्ये क्रमाने बाकीची. तुमचे स्वतःचे मत सांगू नका, विधान कुठे बसते तेवढे सांगा. त्यावरून प्रत्येक विधानाचे वजन काढले आणि निवडक ४५ विधाने ठेवली. उत्तर देणाऱ्याला मग फारसे काही करायचे नव्हते. पटेल त्या विधानापुढे खूण करायची. म्हणजे श्रम होते, पण ते पट्टी आखतानाच उरकलेले.

एका ठिकाणी मात्र थर्स्टन घसरले. तीस किंवा अधिक चिठ्ठ्या एकाच ढिगात टाकणारा माणूस निष्काळजी समजून त्याचे काम बाजूला काढायचे, असा त्यांचा नियम होता. वरवर पाहता नियम शहाणपणाचा. माझ्या आजींचे चाळीस ‘सहमत’ मी बाजूला काढले, तसाच. पण १९५२ मध्ये कार्ल हॉवलँड आणि मुझफ्फर शेरिफ ह्यांनी तो नियम तपासला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या समाजातील स्थानाविषयी ११४ विधाने त्यांनी निरनिराळ्या लोकांकडून ढिगांत लावून घेतली. तेव्हा दिसले, की ज्यांना हा प्रश्न जिवाभावाचा आहे, ते मधले ढीग जवळजवळ रिकामेच ठेवतात. कृष्णवर्णीय माणसाला अपमान दिसला, की तो अपमानच दिसतो. त्याचे पाच बारीक प्रकार तो करीत बसत नाही. मग त्याच्या चिठ्ठ्या एका टोकाला साठतात. थर्स्टनचा नियम लावला असता, तर ज्यांच्याविषयी प्रश्न होता त्या कृष्णवर्णीयांपैकीच बहुसंख्य लोक ‘निष्काळजी’ म्हणून गळले असते! ज्याचे दुखते त्याचीच साक्ष बाद. हे वाचलं, त्या दिवशी मला आजींचा कागद पुन्हा आठवला.

आता पाच चौकटींकडे वळू. १९०३ मध्ये वायोमिंगमधल्या शायेन गावी जन्मलेला रेन्सिस लिकर्ट हा तरुण कोलंबिया विद्यापीठात गार्डनर मर्फी ह्यांच्या हाताखाली संशोधन करीत होता. (पुष्कळ शिकलेले लोक त्याचे नाव ‘लायकर्ट’ असे घेतात, तो स्वतः ‘लिकर्ट’ म्हणे. आणि हे मर्फी म्हणजेच १९५० मध्ये युनेस्कोतर्फे भारतात येऊन, फाळणीनंतरच्या जातीय तणावांचा अभ्यास करणारे गृहस्थ.) लिकर्टला थर्स्टनची पद्धत फार कष्टाची वाटली. तीनशे पंच कुठून आणायचे? अकरा ढीग कोण लावणार? १९३२ मध्ये त्याने आपला मार्ग मांडला. विधान द्या, त्यापुढे पाच पर्याय द्या. पूर्ण पसंतीपासून पूर्ण नापसंतीपर्यंत, मध्ये ‘अनिश्चित’. त्यांना एक ते पाच गुण द्या आणि सरळ बेरीज करा. किचकट गणित करूनही पाहिले, तर येणारे निकाल ह्या साध्या बेरजेशी जवळजवळ तंतोतंत जुळले. झाले! पंच गेले, ढीग गेले, शाळेतला मुलगाही करील अशी बेरीज उरली. पद्धत जगभर पसरली. दवाखान्यात, कारखान्यात, महाविद्यालयात, जिथे जिथे कागद पोचला तिथे पाच चौकटी पोचल्या.

लिकर्टच्या बुद्धीला नमस्कारच केला पाहिजे. पण इथे हिशेब नीट मांडायला हवा. पंचांचे आणि संशोधकाचे श्रम वाचले, ते गेले कुठे? ते नाहीसे झाले नाहीत. त्यांनी खांदा बदलला. थर्स्टनच्या पट्टीत विधानाचे वजन ठरवणे पंचांचे काम होते. लिकर्टच्या पट्टीत मला विधान कितपत पटते, ‘पूर्ण’ की ‘साधारण’, हे दर खेपेला उत्तर देणाऱ्याने ठरवायचे. आणि विधान नकारार्थी असले तर विचारूच नका. ‘ग्रामपंचायत लोकांचे ऐकत नाही’ ह्याला ‘असहमत’ म्हणजे पंचायत ऐकते, हे मनातल्या मनात उलटे करून घ्यायचे. चूल पेटलेली असताना.

लिकर्टला स्वतःला हे उमगले होते की काय कोण जाणे, पण १९३९ मध्ये तो अमेरिकेच्या शेतकी खात्यात गेला आणि शेतकऱ्यांच्या पाहण्यांचा प्रमुख झाला, तेव्हा त्याच्या माणसांनी शेतकऱ्यांपुढे चौकटी फारशा ठेवल्या नाहीत. मोकळे प्रश्न विचारायचे, शेतकरी बोलेल ते त्याच्याच शब्दांत टिपून घ्यायचे, आणि वर्गवारी मागाहून कचेरीत करायची, असा त्यांचा शिरस्ता होता. खर्चिक म्हणून त्यावर टीकाही झाली. युद्धानंतर १९४६ मध्ये त्याने मिशिगन विद्यापीठात सर्वेक्षणाचे केंद्र उभे केले आणि ते पुढे जगप्रसिद्ध झाले.

‘सहमत-असहमत’ची दुखणी हळूहळू बाहेर आली. शिक्षकांना पटेल असा पुरावा ली क्रॉनबॅक ह्यांनी दिला. ‘चूक की बरोबर’ छापाच्या परीक्षेत उत्तर येत नसलेला मुलगा ‘बरोबर’ अधिक वेळा लिहितो, असे त्यांना आढळले, आणि १९४६ मध्ये त्यांनी अशा सवयींवर विस्ताराने लिहिले. ‘हो’ म्हणायला कमी लागते. ‘नाही’ म्हणायचे तर कारण शोधावे लागते. शिवाय दारात आलेला माणूस पाहुणा; त्याच्या तोंडावर ‘नाही’ कसे म्हणावे, हा संकोच वेगळाच. आपल्याकडे ‘कसं काय?’ ला ‘बरं आहे’ हे उत्तर असतं, मग घरात काहीही असो. त्या मधल्या चौकटीतही असंच होतं. ‘सांगता येत नाही’ म्हणणाऱ्यांत खरोखर मध्यावर असलेला एक, सांगायची भीती वाटणारा एक, आणि ‘आटपा लवकर’ म्हणणारा एक. तिघांची बेरीज करून आपण त्याला लोकमत म्हणतो.

हे सगळे एका सूत्रात बांधले जॉन क्रॉस्निक ह्यांनी १९९१ मध्ये. अर्थशास्त्रातला एक विचार त्यांनी उचलला. हर्बर्ट सायमन ह्यांनी १९५६ मध्ये म्हटले होते, की माणूस नेहमी सर्वोत्तम शोधत नाही. भागेल इतपत मिळाले की थांबतो. क्रॉस्निक म्हणाले, उत्तर देणाराही तसाच. प्रश्न अवघड, आस्था बेताची आणि दमणूक झालेली असली, की तो भागेल इतपत उत्तर देतो. पहिला बरा पर्याय उचलतो, मध्यावर जातो, ‘हो’ म्हणतो, किंवा एकाच रांगेत खुणा ओढत जातो. म्हणजे आजींचा कागद क्रॉस्निकच्या निबंधात होताच म्हणायचा! फरक एवढाच, की मी त्याला अडाणीपणा म्हटलं आणि त्यांनी त्याला थकलेल्या मनाचा व्यवहार म्हटलं.

त्यांच्या आणि डुएन अल्विन ह्यांच्या १९८७ च्या एका निबंधातली गोष्ट तर खास आपल्यासाठी आहे. पर्यायांची लांब यादी वाचायला दिली, तर माणूस सुरुवातीच्या पर्यायांकडे झुकतो, कारण पुढच्यांकडे पोचेपर्यंत मन दमते. तीच यादी ऐकवली, तर शेवटच्यांकडे झुकण्याचा संभव अधिक, कारण पहिले कानाआड झालेले असतात. तेव्हा हे भाषण आपण ऐकता आहात की पुस्तिकेत वाचता आहात, ह्यावरसुद्धा आपले उत्तर बदलू शकेल. वाचून दाखवताना पाच पर्याय एका दमात म्हणणाऱ्या प्रगणकाने हे जरूर लक्षात घ्यावे. जनगणना असो की कसली पाहणी, तो प्रगणक बहुधा आपल्यातलाच एखादा शिक्षक असतो.

पायऱ्या किती असाव्यात, ह्यावर तर पन्नास-साठ वर्षे वाद चालला. जॉर्ज मिलर ह्यांचा १९५६ चा ‘सात’ ह्या आकड्यावरचा निबंध पुष्कळांनी हाताशी धरला. माणसाला एका वेळी साताच्या आसपासच वर्ग मनात नीट वेगळे ठेवता येतात, असे त्यात दाखवले होते. मग कमी पायऱ्या ठेवल्या की श्रम कमी, असे वाटेल. तसेही नाही. इंग्लंडात लेस्टरच्या प्रेस्टन आणि कोलमन ह्या दोघांनी २००० मध्ये दोन पायऱ्यांपासून एकशे एक पायऱ्यांपर्यंतच्या पट्ट्या लोकांना देऊन पाहिल्या. दोन-तीन पायऱ्यांवर उत्तर चटकन होते, हे लोकांनी मान्य केले. पण आपले म्हणणे तिच्यात मावत नाही, अशी त्यांची तक्रार होती. ज्याला ‘जरासे पटते’ त्याला ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच दिले, तर तो अडून बसतो. कोंडलेल्या माणसाचेही श्रम होतात. साधारणपणे पाच ते सात पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर आकडा नव्हे तर शब्द, एवढ्यावर बऱ्याच अभ्यासकांचे जुळते.

आकडे किती फसवे, ह्याची एक गोष्ट नॉर्बर्ट श्वार्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये सांगितली. जर्मनीत लोकांना विचारले, ‘आयुष्यात तुम्ही कितपत यशस्वी झालात?’ पायऱ्या अकरा. काहींना आकडे दिले शून्य ते दहा. काहींना दिले उणे पाच ते अधिक पाच. पहिल्या गटात मध्यापर्यंतच्या खालच्या पायऱ्यांवर ३४ टक्के लोक थांबले. दुसऱ्या गटात १३ टक्के. का? शून्य म्हणजे यश नाही, एवढेच लोकांनी मानले. उणे पाच म्हणजे मात्र सपशेल अपयश. चौथे श्रम करताना माणूस पट्टीकडेच पाहतो आणि तिच्यातूनच प्रश्नाचा अर्थ काढतो. ह्याच मंडळींनी त्याआधी, १९८५ मध्ये, रोज किती वेळ दूरचित्रवाणी पाहता, असे विचारले होते. पर्याय अर्ध्या तासापासून सुरू होऊन अडीच तासांवर संपणारे होते, तेव्हा अडीच तासांहून अधिक पाहणारे निघाले १६.२ टक्के. पर्याय अडीच तासांपासून वर चढत जाणारे दिले, तेव्हा निघाले ३७.५ टक्के. किती तास पाहिले हे कुणाच्याच नीट ध्यानात नसते. मग माणूस पट्टीचा मध्य पाहतो, ‘चारचौघे एवढे पाहत असतील’ असे धरतो, आणि त्याच्या आसपास आपली जागा घेतो. आणेवारीच्या वेळी शेजारचे गाव काय सांगते ह्याकडे कान लागलेले असत, तसेच.

निरक्षर माणसासाठी ह्या सगळ्यावर एक सुरेख तोड हॅडली कँट्रिल ह्यांनी काढली होती. १९६५ च्या त्यांच्या ग्रंथात अनेक देशांबरोबर भारताचीही पाहणी आहे. आधी माणसाला मोकळेपणी विचारायचे, की तुझ्या मते उत्तमातले उत्तम आयुष्य कसे असेल? आणि वाईटातले वाईट? तो त्याच्या शब्दांत सांगे. मग शिडीचे चित्र दाखवायचे. वरची पायरी म्हणजे तू सांगितलेस ते उत्तम आयुष्य, तळाची म्हणजे ते वाईट. आज कुठे आहेस? बोट ठेव. म्हणजे पट्टीची दोन्ही टोके उत्तर देणाऱ्यानेच रोवलेली. शिडी कुणाला ठाऊक नाही? पुढे हीच शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी जगभरच्या पाहण्यांत गेली, आणि २०१२ पासून निघणारा जागतिक सुखाचा अहवाल देशांची क्रमवारी तिच्यावरूनच लावतो. मात्र आता शिडी तेवढी उरली आहे. आधीचे मोकळे बोलणे गळाले. वेळ वाचतो, हे कारण. पुन्हा श्रम कुणाचे वाचले आणि कुणावर पडले, हे मी वेगळे सांगत नाही. शेवटी ‘भारत अमुक क्रमांकावर’ ही बातमी वाचून आपण आपल्या लोकांनाच नावं ठेवतो.

‘सहमत-असहमत’ पेक्षा ज्या गोष्टीविषयी विचारायचे तिचेच पर्याय द्यावेत, हे २०१० मध्ये विलेम सारिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांवरून दाखवले. ‘पाणी पुरेसे येते, सहमत की असहमत?’ असे नको. ‘पाणी रोज येते, एक दिवसाआड येते, आठवड्यातून एकदा येते, की त्याहूनही कमी?’ असे विचारा. ब्यूफर्टची छत्री दोनशे वर्षांनी पुन्हा उघडली म्हणायची.

पुढच्या शिबिराला मी जुनी प्रश्नावली नेली नाही. १९९० च्या सुमारास रॉबर्ट चेंबर्स हे ब्रिटिश अभ्यासक आणि आपल्याकडच्या काही स्वयंसेवी संस्था गावकऱ्यांकडून खडे आणि बिया मांडून घेत, हे वाचलं होतं. मुलांना प्रत्येकी दहा चिंचोके दिले आणि प्रश्न एकच ठेवला. पाणी, पाणंद, शाळा, दवाखाना, दिवे. जमिनीवर खडूनं पाच घरं काढायची आणि ज्याचा त्रास जास्त तिथे चिंचोके जास्त. वेळ वाचला असं मुळीच नाही. उलट घरटी पाऊण तास लागला आणि मुलं कुरकुरली. आजींच्या घरी मी स्वतः गेलो. त्या वेळी भाकरी झालेल्या होत्या. त्यांनी दहाही चिंचोके हातात खुळखुळवले. सहा पाण्यावर ठेवले, तीन पाणंदीवर, एक दवाखान्यावर. थोडा वेळ बघत राहिल्या. मग पाण्यावरचा एक उचलून पाणंदीवर टाकला आणि म्हणाल्या, ‘पाणी सुनंला आणावं लागतं. पण गुदस्ता हिचं पोट दुखाय लागलं तवा गाडी चिखलात रुतली हुती.’

पाच आणि चार. मी दोन्ही आकडे लिहून घेतले, आणि कागदाच्या कडेला ते वाक्यही.